किंता दु नोवालची पोर्ट वाइन इतकी वेगळी आणि महाग का असते?

तुम्ही लिहिलंय की गोव्यात पोर्ट वाइन प्यायलात, मग नोवालच्या एका बाटलीची किंमत पाहून चक्रावलात. आधी एक गोष्ट. गोव्यात त्या नावाने मिळते ती गोड लाल वाइन. खरी पोर्ट फक्त पोर्तुगालच्या दोरू नदीच्या खोऱ्यातली, आणि त्या खोऱ्याची हद्द १७५६ सालीच कायद्याने आखली गेली आहे.

आमची निफाडकडे द्राक्षबाग आहे, त्यामुळे मला नोवालमध्ये सगळ्यात जास्त ओढ वाटते ती बागेची. पोर्टची बहुतेक जुनी घराणी व्यापाऱ्यांच्या नावाने ओळखली जातात. त्यांची गोदामं नदीच्या मुखाशी, गाया शहरात. नोवाल हे मात्र मळ्याचंच नाव ('किंता' म्हणजे मळा), पिन्याव गावाच्या वरच्या डोंगरउतारावरच्या मळ्याचं. १७१५ च्या कागदपत्रांत ते सापडतं.

एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा ही मुळं खाणारी कीड आली आणि युरोपभर बागा वाळून गेल्या. तशी उजाड झालेली ही जागा १८९४ मध्ये अंतोनियो जुझे दा सिल्वा यांनी विकत घेतली आणि नव्याने लावली. पुढे त्यांचे जावई लुईझ व्हास्कोन्सेलुस पोर्तू यांनी उतारावरच्या लागवडीच्या अरुंद पायऱ्या मोडून चुन्याने रंगवलेल्या रुंद पायऱ्या बांधल्या. आजही त्या लांबून पांढऱ्या दिसतात.

किडीवर सगळ्या युरोपने एकच उपाय केला, ही कीड सोसणाऱ्या अमेरिकन खुंटावर कलम. आपण डॉगरिज या खुंटावर करतो तसंच, फक्त आपलं कारण पाण्याची टंचाई आणि खारं पाणी. नोवालमध्ये मात्र दोनेक हेक्टरांचा एक तुकडा १९२० च्या दशकात कलम न करता, वेलींच्या स्वतःच्या मुळांवर लावला गेला. तोच 'नासिओनाल'. वडिलांच्या जुन्या बागाही स्वमुळावरच्या होत्या, म्हणून हे वाचताना मला भरून येतं. हे वेल जोमदार नसतात, माल कमी देतात, पण रस विलक्षण घट्ट. मळ्याच्या इतर भागाला साधं वर्ष गेलं तरी कधी कधी या तुकड्याची वाइन उत्तम निघते. म्हणून ती वेगळी भरतात. बाटल्या फार थोड्या होतात, आणि किमतीचं मुख्य कारण हेच.

नाव झालं ते १९३१ च्या वाइनमुळे. जगभर मंदी होती, व्यापाऱ्यांकडे १९२७ चा माल पडून होता, त्यामुळे बहुतेक घराण्यांनी ते वर्ष 'व्हिंटेज', म्हणजे खास दर्जाच्या वाइनचं वर्ष, म्हणून जाहीरच केलं नाही. नोवालने केलं. त्या वर्षीची नासिओनाल आजही पोर्टच्या इतिहासातल्या सर्वोत्तम वाइनमध्ये धरतात.

करण्याची पद्धत जुनी आहे. ग्रॅनाइटच्या उथळ हौदात, ज्याला 'लगार' म्हणतात, माणसं खांद्याला खांदा लावून, रांगेत संथ पावलं टाकत द्राक्षं तुडवतात. पायाने साल नीट चुरगळते, पण बी फुटत नाही, म्हणून कडवटपणा उतरत नाही. दोन-तीन दिवसांत निम्मी साखर आंबली की त्यात ७७ टक्के अल्कोहोलचं द्राक्षाचं स्पिरिट ओततात, साधारण चार भाग रसाला एक भाग. यीस्ट मरतं, उरलेली साखर तशीच राहते. गोडवा असा द्राक्षाचाच असतो आणि अल्कोहोल वीस टक्क्यांच्या आसपास जातं.

१९८१ मध्ये गायातल्या त्यांच्या इमारतीला आग लागली आणि जुने दस्तऐवज, साठा जळाला. १९९३ पासून मालकी अ‍ॅक्सा या फ्रेंच विमा कंपनीच्या वाइन शाखेकडे आहे. मला विचाराल तर नव्या मालकांनी बागेकडे लक्ष दिलं, हे चांगलंच झालं.

नासिओनालचा नाद सोडा. सुरुवात न गाळलेल्या एलबीव्हीने (लेट बॉटल्ड व्हिंटेज) करा, म्हणजे चार ते सहा वर्षं लाकडात मुरवून मग बाटलीत भरलेली. १९५४ च्या द्राक्षांची अशी वाइन बाजारात आणून ही पद्धत रूढ करण्यात नोवालचा मोठा वाटा आहे. बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवा आणि हळू ओता, तळाशी गाळ असतो.