मृत्यूची वेळ मोघम का?

प्रश्न : शवविच्छेदनाच्या अहवालात ‘मृत्यू १२ ते १८ तासांपूर्वी’ असे लिहिलेले असते. डॉक्टरांना नेमकी वेळ का सांगता येत नाही?

उत्तर : मालिकांमधले डॉक्टर मृतदेहाकडे पाहून ‘रात्री सव्वादहा’ असे सांगून मोकळे होतात, प्रत्यक्षात हाती येतो तो अंदाजच. थंड हवेत देह हळूहळू निवतो आणि गुदाशयातील तापमानावरून हिशेब मांडता येतो. परंतु मे महिन्यात नागपूरचा पारा ४४ अंशांवर असताना ३७ अंशांचा देह निवणार तरी कसा?

म्हणून अन्य खुणाही पाहाव्या लागतात. स्नायूंना सैल ठेवणारे एटीपी हे द्रव्य संपले की ताठरता येते. ती पापण्या, जबडा आणि मानेत आधी जाणवते, सर्वसाधारणपणे १२ तासांत सर्वांगात पसरते आणि पुढे ओसरते. मात्र मृत्यूपूर्वी झटापट झाली असेल किंवा आकडी आली असेल, तर ती फार लवकर येते, आणि इथेच नवख्याची फसगत होते. रक्त देहाच्या खालच्या बाजूस साकळून जांभळट डाग उमटतात. अंगठ्याने दाबल्यावर डाग फिका पडला, तर तो अजून पक्का झालेला नाही, म्हणजे मृत्यूला बहुधा फार तास उलटलेले नाहीत. उन्हाळ्यात साधारण १२ ते १८ तासांनी ओटीपोटाच्या उजव्या बाजूस हिरवट छटा दिसू लागते, हिवाळ्यात तिला एक-दोन दिवस लागतात. या खुणा एकमेकींशी ताडूनच कालावधी लिहिला जातो.