स्विच २ की लॅपटॉप? आधी त्या तुटलेल्या बिजागरीचं बघ

तुझा प्रश्न थोडक्यात असा: मेकॅनिकलचं दुसरं वर्ष, सांगलीत विश्रामबागला कॉट बेसिसवर राहतोस, हातात सत्तर हजार आहेत. जुन्या लॅपटॉपची बिजागरी तुटलीय आणि मन बसलंय निन्टेंडो स्विच २ या गेम खेळायच्या कन्सोलवर, कारण तो हातातही चालतो आणि टीव्हीलाही लागतो.

तो लॅपटॉप खरंच संपला असेल, तर दुसरा लॅपटॉपच घे. स्विचवर डिझाइनची सॉफ्टवेअर म्हणजे सॉलिडवर्क्स नाही, ऑटोकॅड नाही, नेटवर काही शोधायला साधा ब्राउझरसुद्धा नाही. सबमिशनच्या आदल्या रात्री मित्राच्या खोलीवर जाऊन त्याचा लॅपटॉप मागणं किती जड जातं, ते मी बघितलंय.

स्विचवर माझा राग नाही, उलट जीव आहे. पहिल्या स्विचचं २०१९ मध्ये बॅटरी सुधारून आलेलं मॉडेल माझ्याकडे आहे; कंपनी त्याला साडेचार ते नऊ तास सांगते. सांगली स्टँडवरून पुण्याची एसटी धरायची, पेठ नाक्याला गाडी हायवेला लागली की खेळायला बसायचं. साताऱ्यात गाडी थांबली की बटण दाबून झोपवायचा, चहा पिऊन आलं की त्याच उडीपासून पुढे सुरू. घरी तो टीव्हीखालच्या डॉकमध्ये, म्हणजे टीव्हीला जोडणाऱ्या स्टँडमध्ये असतो. आठ वाजता आईची मालिका लागते, तेव्हा उचलून हातात घेतो. खेळ थांबत नाही आणि टीव्हीवरून भांडणही होत नाही. हे सुख कुठल्याही गेमिंग लॅपटॉपने मला दिलेलं नाही. त्याचा विटेएवढा चार्जर काढून एसटीत कोण बसणार?

असूसचा हातात धरायचा गेमिंग पीसी रॉग अ‍ॅली घे, त्यात विंडोज ११ आहे, म्हणजे एका दगडात दोन पक्षी, असा सल्ला तुला मिळालाय. त्यावर जरा थांब. २०२३ मध्ये अ‍ॅली भारतात ६९,९९० रुपयांना आली आणि सॉलिडवर्क्स तिच्यावर उघडेलही. पण पडदा सात इंची. असेंब्लीतला बोल्ट निवडायला गेलास की बोटाखाली अख्खा मेनू झाकला जातो. म्हणजे मॉनिटर, कीबोर्ड, माउस आणि हब आलेच, आणि ते सगळं एका कॉटच्या जागेत मांडायचं. रॅम १६ जीबी, तीही प्रोसेसर आणि ग्राफिक्समध्ये वाटलेली. बॅटरी ४० वॅट-तासांची आणि टर्बो मोडमध्ये एकटी चिपच २५ वॅट खाते. पडदा आणि पंखा धरला तर भारी गेम तासाभराच्या आसपासच चालतो. पुण्याला निघालास तर सातारा यायच्या आधीच पडदा काळा. हलके, जुने गेम मात्र बरेच जास्त टिकतात.

स्विचच्या खर्चात आणखी दोन गोष्टी धर. निन्टेंडोचं इथे अधिकृत दुकान नाही, बाहेरून आणलेला माल मिळतो. त्यामुळे वॉरंटी कोण देणार आणि दुरुस्तीला कुठे पाठवायचा, हे पैसे देण्याआधी विचार. 'स्वस्तात जपानी पीस आहे' असं कुणी म्हणालं तर नक्की चौकशी कर, कारण जपानसाठीच्या स्वस्त स्विच २ ची सिस्टीम फक्त जपानी भाषेत असते. गेम साठवायला मेमरी कार्डही नव्या एक्सप्रेस प्रकारचंच लागतं, मोबाइलमधलं जुनं चालत नाही. लॅपटॉपवर स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान असतं, तिथे रुपयात गेम मिळतात आणि सेलमध्ये बरेच स्वस्त होतात. पुढे कधी अ‍ॅली किंवा तसाच हातात धरायचा स्टीम डेक घेतलास तर तीच लायब्ररी तिथेही उघडते.

आता त्या बिजागरीकडे ये. बिजागरी गेली म्हणजे लॅपटॉप गेला असं नाही. मदरबोर्ड आणि पडदा ठीक असतील तर ती बदलून मिळते, एसएसडी नसेल तर तीही त्याच वेळी बसवून घे. त्यावर सॉलिडवर्क्स नीट चाललं, तर उरलेल्या पैशात स्विच बसतो का ते बघ आणि बसत असेल तर बिनधास्त घे. परीक्षेनंतर घरी जाताना तो बॅगेत असला की प्रवास कसा सरतो, ते तुलाच कळेल.

लॅपटॉपच्या खालच्या स्टिकरवर मॉडेल नंबर असतो. तो, रॅम किती आहे ते आणि बिजागरीजवळ प्लास्टिक तडकलंय की नुसते स्क्रू सुटलेत, एवढं बघून सांग.