लडाख स्काउट्स ही रेजिमेंट नेमकी कधी आणि कशी उभी राहिली?

कागदावरची तारीख १ जून १९६३. चीनशी झालेल्या युद्धानंतर जम्मू-काश्मीर मिलिशिया या तिथल्या निमलष्करी दलाच्या ७व्या आणि १४व्या बटालियनमधून हे दल तयार केलं गेलं. पण खरी सुरुवात १९४८ मधली. पाकिस्तानी टोळ्या लेहच्या दिशेने सरकत होत्या, तेव्हा नुब्रा खोऱ्यातल्या स्थानिक तरुणांना घेऊन ‘नुब्रा गार्ड्‌स’ उभे राहिले. त्यांच्यातला छेवांग रिंचेन जेमतेम १७ वर्षांचा होता, म्हणजे आपल्याकडचं बारावीचं पोर! त्याला महावीर चक्र मिळालं. १९७१ मध्ये तुर्तुकचा भाग जिंकून रिंचेन यांनी हेच पदक दुसऱ्यांदा मिळवलं. श्योक नदीवरच्या पुलाला आज त्यांचं नाव आहे.

या जवानांचं बलस्थान म्हणजे तिथलीच माती. मैदानातून गेलेल्या सैनिकाला आधी विरळ हवेची सवय करावी लागते. हे त्या उंचीवरच वाढलेले.

तरीही पूर्ण रेजिमेंटचा दर्जा मिळायला कारगिल घडावं लागलं. उशीरच झाला, असं माझं मत. १९९९ मध्ये ‘चोरबत ला’ या खिंडीत मेजर सोनम वांगचुक यांच्या तुकडीने घुसखोर रोखले (आंदोलनामुळे बातम्यांत येणारे सोनम वांगचुक वेगळे, बरं का). मेजर वांगचुक यांनाही महावीर चक्र मिळालं. मग २००० मध्ये दर्जा मिळाला आणि २०१७ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते निशाण, म्हणजे रेजिमेंटचा सन्मानध्वज.

युद्धघोषणा: ‘की की सो सो ल्हारग्यालो’, देवांचा विजय असो.