गाठीत सूज म्हणजे चांगलं की वाईट?

प्रश्न: आईच्या स्तनाच्या गाठीच्या रिपोर्टमध्ये सूज आणि पांढऱ्या पेशी लिहिल्यात. या पेशी तर कॅन्सरशी लढतात ना, मग गाठ वाढते कशी? शेजारच्या काकू म्हणतात सूज उतरायच्या गोळ्या चालू करा. – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर: काकूंना नमस्कार सांगा पण गोळ्या नकोत, निदान डॉक्टरांना विचारल्याशिवाय तरी नकोच. गाठीत पांढऱ्या पेशी असतात हे विर्खो नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८६३ सालीच सांगितलेलं. आता त्यातल्या टी पेशी कॅन्सरला मारतात, ट्रिपल निगेटिव्ह प्रकारात (म्हणजे ईआर, पीआर या हार्मोनच्या आणि हर-टू या वाढीच्या प्रथिनाच्या, अशा तिन्ही तपासण्या निगेटिव्ह आल्या तर) त्या भरपूर असल्या तर पेशंटसाठी बरंच असतं, पण मॅक्रोफेज नावाच्या दुसऱ्या पांढऱ्या पेशी मात्र बऱ्याचदा फितूर होतात, गाठीला वाढायला रसायनं पुरवतात, नवीन रक्तवाहिन्या फुटायला मदत करतात आणि वर टी पेशींनाही दाबून ठेवतात. पाळी गेल्यावर वजन जास्त असेल तर चरबीतही बारीक सूज राहते, त्याने तिथं इस्ट्रोजेन हे हार्मोन जास्त बनतं आणि हार्मोनवर वाढणाऱ्या गाठीला तेच हवं असतं. म्हणून नुसती 'सूज' वाचून घाबरू नका, ईआर, पीआर, हर-टू काय आलंय ते विचारा, ट्रीटमेंट मुख्यतः त्यावर आणि स्टेजवर ठरते. आणि हो, स्तन अचानक लाल, गरम झाला, कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसली तर इन्फेक्शन समजून घरी बसू नका, लगेच दाखवा.