मुलांच्या गणितातल्या शंकांना ऑनलाइन उत्तरं द्यायला नव्याने बसताय?

प्रश्न आला की लगेच सोडवायला घेऊ नका. आधी उदाहरण शब्दशः मागवा, सोबत वहीतल्या पायऱ्यांचा फोटो. बोर्डही विचारा. राज्य मंडळाच्या दहावीला बीजगणित आणि भूमितीचे ४०-४० गुणांचे वेगळे पेपर असतात. ठाण्यातल्या मराठी शाळेतल्या पोराला 'विवेचक' (वर्गसमीकरणातली b² − 4ac ही राशी) कळेल, खारघरच्या सीबीएसईवाल्याला 'डिस्क्रिमिनंट'च म्हणावं लागतं.

चूक बहुतेकदा कंसात सापडते. ५ − (क्ष − ३) चं मुलं ५ − क्ष − ३ करतात. उणे चिन्ह पहिल्याच पदाला लावून थांबतात. 'कंस नीट सोडव' सांगून भागत नाही. क्ष = १ ठेवून दोन्हींची किंमत काढायला लावा: मूळ राशीची ७, त्याच्या ओळीची १. मग चूक त्याची त्यालाच दिसते. (क + ख)² = क² + ख² लिहिणाऱ्याला मात्र क किंवा ख च्या जागी ० ठेवायला देऊ नका, त्यात चूक लपते. ३ आणि ४ द्या: ४९ विरुद्ध २५.

एका वेळी एकच पायरी सुचवा. सगळं सोडवून दिलंत की ते वहीत उतरतं, विषय संपला! आणि १/२क्ष असं टाइप करू नका. क्ष वर आहे की खाली, कळत नाही. १/(२क्ष) लिहा.