हिवाळ्यात घोडा सांभाळण्याचा खर्च कसा कमी करता येईल?

आपण लिहिले आहे की नाशिकजवळच्या मळ्यात एक मारवाडी घोडी आहे, तिला आठवड्यातून दोन-तीनदा फेरफटका मारण्यापलीकडे काम नाही, दिवाळीनंतर कडबा महागला आहे, आणि थंडीसाठी चंदी (धान्याचा खुराक) वाढवा, झूल घ्या, तूप-गूळ सुरू करा असा सल्ला चहूकडून मिळतो आहे. मीही सिन्नर तालुक्यात घोडे सांभाळतो, त्यामुळे हवामान आणि बाजार दोन्ही आपल्यासारखेच आहेत. माझ्या मते यातला बराचसा सल्ला खर्च वाढवणारा आहे. आपल्याकडच्या थंडीत काटकसर करायची ती चंदीत आणि नासाडीत करावी; वैरणीत, नालबंदात आणि लसीत करू नये.

सुरुवात घोडीच्या वजनापासून करावी. लांब, मऊ फितीने पुढच्या पायांमागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजावा, नंतर खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी मोजावी. घेराला घेराने गुणून त्याला लांबीने गुणावे आणि 11,880 ने भागावे, म्हणजे अंदाजे वजन किलोत मिळते. घेर 160 आणि लांबी 155 असेल तर घोडी साधारण 334 किलोची आहे. तिला दिवसाला वजनाच्या सुमारे दोन टक्के, म्हणजे साडेसहा ते सात किलो कोरडे खाद्य पुरते. त्यात दीड टक्का तरी वैरण असलीच पाहिजे, कारण घोड्याचे पोट सतत चघळलेल्या चाऱ्यावरच नीट चालते. काम नसलेल्या घोडीला पाच किलो कडबा किंवा वाळलेले गवत, चार-पाच किलो हिरवा लसूणघास आणि अर्धा किलो भिजवलेला हरभरा किंवा ओट इतके साधारण पुरेसे होते. घोडा रिकामा उभा असतानाही तीन-चार किलो चंदी तोबऱ्यात ओतली जाते, ती बहुतेक ठिकाणी केवळ सवयीने. ती हळूहळू, आठ-दहा दिवसांत कमी करावी आणि दर पंधरवड्याला फिरून फीत लावावी. बरगड्या डोळ्यांना दिसू नयेत, पण हात फिरवताच बोटांना लागाव्यात. तेवढे राहिले की खुराक बरोबर चालला आहे असे समजावे.

थंडीत घोड्याला ऊब चंदीने मिळते हा समज खरा नाही. वैरणीतला तंतू मोठ्या आतड्यात आंबताना जी उष्णता तयार होते, तीच त्याची खरी शेगडी आहे. सुमारे पाच अंशांखाली तापमान गेल्यावरच अंगावर हिवाळी केस नसलेल्या निरोगी घोड्याला ऊब टिकवण्यासाठी जादा ऊर्जा लागू लागते, आणि केस वाढलेला घोडा त्याहून बरीच जास्त थंडी सहज सोसतो. निफाडकडे पारा त्या पातळीला येतो तोही पहाटेचे काही तासच. अशा थंडीच्या लाटेत रात्री किलोभर वैरण जास्त टाकावी, एवढाच त्याचा हिशेब. झूल म्हाताऱ्या, आजारी किंवा केस कापलेल्या जनावरासाठी ठेवावी. एरवी ती उभे राहिलेले केस दाबून टाकते आणि त्यांच्यात अडकलेली ऊबदार हवा घालवते. झुलीपेक्षा उत्तरेच्या बाजूला गोणपाटाचा आडोसा आणि पायाखाली कोरडी जागा यांचा उपयोग जास्त होतो. तूप, गूळ, अंडी, सुकामेवा हा सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोडेबाजारात उभ्या राहणाऱ्या घोड्यांचा थाट आहे. घोडी विकायची नसेल तर त्यात मालकाच्या हौसेपलीकडे फारसे काही नाही. उलट रिकाम्या, गुटगुटीत घोड्याला जादा गूळ आणि धान्य मिळत राहिले तर खुरांना सूज येऊन तो कायमचा लंगडा होऊ शकतो.

नासाडीकडे मात्र बारकाईने पाहावे. सकाळी ठाणावरची लीद काढताना तुडवलेला, मुतात भिजलेला कडबा वेगळा काढून एकदा वजन करून पाहावा. आकडा पाहून बहुतेकांना धक्का बसतो. छातीच्या उंचीपेक्षा खाली, कडा असलेली गव्हाण करून दिली, कडबा कुट्टी करून पण फार बारीक न करता टाकला आणि एकदम न घालता तीन-चार वेळा विभागून दिला, की नासाडी बरीच कमी होते. कुट्टीवर थोडे पाणी शिंपडावे, म्हणजे धूळ उडून खोकला लागत नाही. चघळलेल्या वैरणीचे लगदे गव्हाणीखाली पडलेले दिसत असतील तर दोष चाऱ्यात नाही, दाढांना धार आली आहे. दाढा घासून घेण्याचा खर्च वाया जाणाऱ्या चाऱ्यातून भरून निघतो.

आता स्वस्त चाऱ्याबद्दल, कारण खरा धोका इथेच आहे. ऊसतोडीच्या हंगामात वाढे (उसाचे हिरवे शेंडे) जवळपास फुकट मिळते आणि गव्हाचा कोंडाही स्वस्त वाटतो. वाढ्यातले ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवते आणि कोंड्यात कॅल्शियमच्या कितीतरी पट फॉस्फरस असतो, त्यामुळे महिनोन्‌महिने या दोहोंवरच पोसलेल्या घोड्याचे शरीर हाडांतले कॅल्शियम काढून घेते. चेहऱ्याची हाडे फुगतात, चाल बिघडते. हत्ती गवतालाही ऑक्झलेटची हीच अडचण आहे. वाढे अधूनमधून, थोडे आणि लसूणघासाच्या जोडीने द्यावे. पाणी असेल तर दोन-तीन गुंठे लसूणघास ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेरणे ही माझ्या अनुभवात सर्वांत चांगली बचत आहे, कारण पहिली कापणी साधारण दोन महिन्यांत आणि पुढच्या दर महिन्याला मिळतात. दवाने ओला घास थेट न टाकता थोडा सुकवून द्यावा. ज्वारीचा कोवळा फुटवा किंवा हिरवी ज्वारी घोड्याला अजिबात घालू नये. जनावरांना किराळ लागते, म्हणजे कोवळ्या ज्वारीतल्या सायनाइडची विषबाधा होते, हे आपल्याला ठाऊकच असेल, घोड्याला त्याखेरीज मूत्राशयाचा आणि मागच्या पायांचा विकारही होतो. गाई-म्हशींचे पशुखाद्य किंवा कोंबडीखाद्य स्वस्त म्हणून कधीही देऊ नये. त्यातल्या काहींत मोनेन्सिन नावाचे औषध मिसळलेले असते आणि ते गुरांना चालते तरी घोड्याला थोड्या प्रमाणातही प्राणघातक ठरते.

पाणी फुकट असूनही त्याच्याकडे दुर्लक्ष झाले तर सर्वांत महागात पडते. गार पाणी घोडा कमी पितो, कोरडा कडबा आतड्यात अडकतो आणि पोटशूळाचा एकच प्रसंग सगळ्या हिवाळ्याची बचत संपवतो. लिदीचे गोळे लहान, कडक आणि कोरडे दिसू लागले की ती सूचना समजावी. सकाळी विहिरीचे ताजे, कोमट पाणी द्यावे आणि रोज तीस-चाळीस ग्रॅम साधे मीठ खाद्यात मिसळावे.

डांबरी रस्त्यावर काम नसेल तर नाल काढून टाकावी, तेवढा खर्च वाचतो. पण खूर सहा ते आठ आठवड्यांनी कापून घ्यावेतच. जंताचे औषध दर दोन महिन्यांनी डोळे झाकून देण्यापेक्षा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात लीद तपासून घ्यावी. पावसाळ्यात माश्यांमुळे पसरणाऱ्या सर्रा या आजारासाठी रक्त तपासणे आणि धनुर्वाताची लस यांत मात्र कसर करू नये. मोतद्दाराचा, म्हणजे घोडा सांभाळणाऱ्या माणसाचा पगार हा बहुधा सगळ्यांत मोठा आकडा असतो. शेजारी कुणाचा घोडा असेल तर तबेला आणि माणूस सामाईक ठेवता येतो का, हे विचारून पाहावे.

शेवटी कडब्याचे. आपण तो घेत आहात डिसेंबरमध्ये, जेव्हा मागचा साठा संपत आलेला असतो आणि रब्बीची ज्वारी अजून रानात उभी असते. पुढच्या वर्षीचा कडबा फेब्रुवारी-मार्चमध्ये सोंगणी होताच थेट शेतकऱ्याकडून शेकड्याने घ्यावा. पेंढी मधोमध उघडून वास घ्यावा. कुबट वास आला किंवा काळे-पांढरे ठिपके दिसले तर कितीही स्वस्त असला तरी सोडून द्यावा, कारण बुरशी गायीपेक्षा घोड्याला जास्त बाधते. कडब्याची गंज दगडांवर किंवा लाकडी ओंडक्यांवर रचावी म्हणजे वाळवी लागत नाही, आणि ताडपत्रीने वरून झाकताना बाजू हवेसाठी मोकळ्या ठेवाव्यात.