जुनापाणीच्या मसणात बायांची सहल न्यावी का?

प्रश्न : आमच्या बचत गटाच्या बाया संक्रांतीनंतर नागपूरजवळच्या जुनापाणीची शिळावर्तुळं, म्हणजे गोल मांडलेले मोठे दगड, पाहायला जायचं म्हणतात. गाडीही ठरली. पण एकीच्या सासूबाईंनी मोडता घातला : ते मसण आहे, वाण लुटायच्या दिवसांत तिथं कशाला? दुसऱ्या म्हणतात, गवळ्यांनी गुरं बांधायला मांडलेले गोटे आहेत ते. खरं काय? आणि तिथं समजावून सांगणारं कोणी नसलं, तर बायांना दाखवायचं काय?
— एक वाचक भगिनी, काटोल तालुका

उत्तर : ताई, सासूबाई बरोबर सांगतात. ते मसणच आहे, पण अडीच हजार वर्षांहून जुनं. आपल्या भागात लोखंड नुकतंच आलं होतं, त्या काळच्या माणसांनी आपली मेलेली माणसं तिथं पुरली. जुनापाणीच्या आसपास अशी तीनशेच्या घरात वर्तुळं आहेत. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने 1879 साली त्यांच्याबद्दल लिहिलं, तेव्हापासून ती अभ्यासकांना माहीत आहेत. खोदल्यावर त्यांत कुऱ्हाडी निघाल्या, आणि गुरं बांधायला कोणी कुऱ्हाडी पुरून ठेवत नाही.

बायांना अवश्य न्या. ती माणसंही याच काळ्या मातीत राबली आणि मेली. आपल्या मातीला जाऊन आल्यासारखं जाऊन या, यात अशुभ काही नाही.

माझं ऐकाल तर सगळी वर्तुळं पाहायच्या मागे लागू नका. एकच चांगलं धरा आणि त्याच्याभोवती सगळ्यांना सावकाश फिरवा. कडेला काळ्या दगडाचे मोठे गोटे, आत माती-मुरूम भरून केलेला उंचवटा. मग प्रत्येकीला एकेका गोट्यापाशी उकिडवं बसवा. काही गोट्यांवर बोटाचं पेर मावेल एवढे खळगे कोरलेले आहेत, ओळीत. ऊन डोक्यावर आलं की ते दिसेनासे होतात. म्हणून सकाळी लवकर पोचा, तिरप्या उन्हात खळग्यात सावली भरते आणि एकीला दिसला की बाकीच्यांनाही दिसू लागतात. ते का कोरले, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. बायांनाच विचारा, त्यांना काय वाटतं ते.

आत काय निघालं, हे तिथं बसूनच सांगा : लोखंडी कुऱ्हाडी, खंजीर, काळी-तांबडी मडकी. जवळच्याच माहुरझरीला 1970 नंतर पुरातत्त्वाचे अभ्यासक शां. भा. देव यांनी खोदलं, तेव्हा माणसाबरोबर घोडाही पुरलेला सापडला आणि घोड्याच्या डोक्यावर तांब्याच्या पत्र्याचा साज होता. पोळ्याला बैल सजवणाऱ्या आपल्या बायांना हे वेगळं समजावावं लागणार नाही. पारशिवनीकडच्या नैकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच मिळाली, म्हणजे ही हत्यारं इथल्याच हातांनी घडवली.

एक गोष्ट मात्र गाडीत बसायच्या आधी सांगा. जुनापाणीची वर्तुळं केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे संरक्षित आहेत. दगडावर हळदकुंकू नको, तेल नको, नावं लिहिणं तर नकोच. खापराचा तुकडा किंवा मणी दिसला तर जिथल्या तिथं राहू द्या, ओटीत घालू नका. जागेवरून हलला की तो कोणाच्या कबरीतला होता हे कायमचं पुसलं जातं, आणि हे नुकसान मला फार लागतं.

पाणी नि सावली तिथं मिळेल असं धरू नका, घरूनच न्या. गवत वाढलेलं असलं तर पायात बूट हवेत, म्हाताऱ्या बायांना काठी हवी. सासूबाईंनाही घेऊन जा. मसणात कसं वागावं, हे त्याच सगळ्यांना नीट सांगतील.